न टाकलेली बॅट

हरणाऱ्या टीमा जगात पुष्कळ आहेत आणि त्यांच्याविषयी गहिवरून लिहिणारेही पुष्कळ आहेत. आमच्याविषयी गहिवर यावा असं आम्ही काहीच केलं नाही. आम्ही वाईट खेळायचो, खेळताना आपसात भांडायचो आणि हरल्यावर वाऱ्याला शिव्या द्यायचो. बहारीनमध्ये वारा कायम असतो, तेवढी एक सोय होती.

कुवेतची लढाई संपून गेली होती आणि आमच्यासारख्यांना वाटायला लागलं होतं की आता आखातात आपलं बस्तान बसलं. मी सित्राच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. टाक्यांचे, पाइपांचे नकाशे काढायचो. राहायला मआमीरच्या कडेला कंपनीचा फ्लॅट. खिडकी उघडली की रिफायनरीचा वास आत येई, आणि खिडकी बंद केली की तो आतच राही. बायको नागपूरची, मीही नागपूरचा, मुलगी इंग्रजी शाळेची.

शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी सगळे हिंदुस्थानी क्रिकेट खेळत, म्हणून मीही क्लबात नाव घातलं होतं. क्लब आपल्याच लोकांचा, पण त्यात दोन जाती होत्या: ज्यांना कंपनी गाडी देते ते, आणि ज्यांना त्या गाडीत बसवून घेतलं जातं ते. मी दुसऱ्यांपैकी. क्लबात माझं स्थान बाराव्या खेळाडूचं. बारावा खेळाडू हा निदान कधीतरी अकरावा होतो. मी होत नव्हतो. लोकांना पाणी देणं, पॅड बांधून देणं आणि कोणी शतकाच्या जवळ आला की जोरात टाळ्या वाजवणं, एवढ्यात माझा क्रिकेटचा मोसम संपायचा.

या क्लबातून आमची टीम फुटून निघाली, ती एका सावलीवरून.

आमचा पुढे झालेला कॅप्टन (त्याला सगळे भाई म्हणत) दापोलीकडचा. हिद्दच्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर. आवाज असा की स्टोअरच्या एका टोकाला नटबोल्ट मागितले तर दुसऱ्या टोकाचा माणूस दचकून काहीतरी आणून देई. क्लब स्थापन झाला तेव्हापासून तो क्लबात होता. पिच स्वतः लाटलेलं होतं त्याने. मग बँकेतले, विम्यातले साहेब आले, क्लबाला टोप्या आल्या, आणि एक प्रेसिडेंट आला. प्रेसिडेंट मोठ्या काठाची पांढरी हॅट घाले आणि समोरच्याला कमी लेखायचं असलं की आवाज अगदी मऊ करी.

"भाईसाहेब," एका शुक्रवारी तो म्हणाला, "चाळिशी उलटली आता तुमची. उन्हात कशाला त्रास? सावलीत बसा, स्कोअर लिहा. तुमच्याइतकं नीट कोण लिहिणार?"

भाईचा चेहरा मी बघत होतो. पिच लाटणाऱ्या माणसाला पेन्सिल दिली होती.

"सावली तुमची तुम्हालाच राहू दे, साहेब," भाई म्हणाला. "मी माझी टीम काढतो."

"कसली? कबड्डीची?" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो. हसण्याच्या बाबतीत मी कधी बारावा नव्हतो.

त्या हसण्यावर भाई भडकला आणि जे कोणी मागितलं नव्हतं ते देऊन बसला. "ऐका सगळ्यांनी. माझी टीम काढीन, आणि दोन मोसमांत एक जरी मॅच जिंकलो नाय, तर माझ्या पायांनी परत येईन आणि तुमची पेन्सिल हातात घेईन. मग मरेपर्यंत स्कोअर लिहीन. कबूल?"

"कबूल, कबूल," प्रेसिडेंट मऊ आवाजात म्हणाला. त्याला काय जात होतं.

भाई ताडताड निघाला, आणि त्याच्यामागून मी निघालो. पुढे टीममध्ये माझ्या या निष्ठेचं फार कौतुक झालं. म्हणून इथे खरं लिहितो: मआमीरला जाणारी पिकअप भाईची होती. तो गेला असता तर मला घरी जायला गाडी नव्हती.

क्रिकेटचं मैदान क्लबाकडे, तेव्हा क्रिकेट बाद. जुफैरला, परदेशी नाविकांच्या तळाजवळ, समुद्रात भराव टाकून केलेल्या मोकळ्या जागेवर दर शुक्रवारी बेसबॉलची लीग चाले. कंपन्यांच्या टीमा: एक टायरवाल्यांची, एक फ्रीजवाल्यांची, एक विमानतळावर सामान चढवणाऱ्यांची. त्यांत गोरे होते, फिलिपिनो होते. फिलिपिनो तर असे खेळत की बघत राहावं. भाई एकदा बघून आला आणि पिकअपमध्येच त्याने मला पटवून दिलं.

"ह्यात हाय काय? एलबीडब्ल्यू नाय. टप्पा नाय, स्पिन नाय. बॉल सरळ अंगावर येतो, मारायचा आणि पळायचं. आपण तर जन्मभर ताच करत आलो."

एवढ्या अभ्यासावर टीम उभी राहिली. क्लबाने टाकलेले, क्लबाने कधी घेतलेच नव्हते असे, आणि रायगडचे दोन भाऊ, मसाल्याचे व्यापारी. या भावांचं दुकान एक, घर एक, आणि बोलणं बंद. भाईने एकाला पहिल्या बेसवर उभं केलं आणि एकाला दुसऱ्या. बॉल पहिल्याकडून दुसऱ्याकडे जायची वेळ आली की पहिला तो कॅप्टनकडे टाकी आणि म्हणे, "त्याला द्या." तोपर्यंत समोरचा पळणारा तिसऱ्या बेसवर पाणी पीत उभा असे.

लीगच्या फळ्यावर प्रत्येक टीमपुढे तिच्या कंपनीचं नाव लिहीत. आमच्या पाठीशी कोणतीच कंपनी नव्हती, म्हणून लीगच्या सेक्रेटरीने (पोट सुटलेला, हसरा अमेरिकन, तोच बहुतेक मॅचला अंपायरही असे) आमच्या नावाच्या जागी "इंडिपेंडंट" लिहिलं. आम्हाला काय अभिमान वाटला! रायगडच्या धाकट्याने तर त्या फळ्यासमोर उभं राहून फोटो काढून घरी पाठवला. इतर टीमांच्या मागे नाव होतं तिथे आमच्या मागे काही नव्हतं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ, पण हे कळायला आम्हाला एक मोसम लागला.

शर्टही स्वतंत्र. मनामाच्या बाजारातल्या शिंप्याकडे एक तागा पडून होता, मातीच्या रंगाचा. "मळ दिसणार नाय," भाई म्हणाला. मळ दिसला नाही हे खरं, पण आम्हीही दिसलो नाही. जुफैरच्या त्या भुऱ्या जमिनीवर आमचे क्षेत्ररक्षक उभे राहिले की नुसती डोकी आणि हात तरंगताना दिसत. आमच्याच माणसाला बॉल कुठे टाकायचा ते कळेना.

नियमांचं पुस्तक भाईने माझ्या हातात ठेवलं. "ए नागपूर, तू इंग्लिश वाचतोस, नकाशे काढतोस. तू आमचा नियम."

मी मोठा नियम झालो. ऑफिसातून ट्रेसिंग पेपर आणून मैदानाचा असा नकाशा काढला की त्यावरून एखादी टाकी उभी राहिली असती. चार बेस, चौकोन, बाणांनी दाखवलेली पळण्याची दिशा. तो हिद्दच्या स्टोअरमध्ये भिंतीवर लावला आणि टीमला समोर बसवून मी व्याख्यान दिलं. ते मला अजून पाठ आहे, कारण पुढे त्याचा उपयोग माझ्याविरुद्धच झाला.

"बॉल मारला की बॅट टाकायची," मी पट्टी उगारून सांगितलं. "बॅटचं काम संपलं. बेसला अंग लागलं पाहिजे: पाय, हात, काहीही, पण अंग. बॅट टेकवून काही होत नाही. बॅट घेऊन पळणं म्हणजे जेवण झाल्यावर ताट घेऊन फिरायला जाणं!"

लोक हसले. भाई म्हणाला, "शाबास, मास्तर." मला वाटलं, आपण इतकी वर्षं उगाच पॅड बांधत बसलो.

आता, जन्मभर क्रिकेट खेळलेल्या माणसाला हे एक वाक्य किती जड जातं ते कोणा अमेरिकनाला समजायचं नाही. क्रिकेटमध्ये बॅट हा तुमचा लांब झालेला हात असतो. धावायचं ते बॅट घेऊन, आणि शेवटी वाकून, ती पुढे सरकवून रेषेच्या आत टेकवायची. ते कोणी शिकवत नाही. गल्लीतच अंगात मुरतं. गुरुवारी दुपारी मआमीरच्या मोकळ्या जागेत आमचा सराव चाले तेव्हा एकेक जण बॉल मारी आणि बॅट छातीशी धरून पळत सुटे, आणि भाई पूर्ण ताकदीने ओरडे: "बॅट टाक! अरे बॅट टाक!"

तिथली गावातली पोरं भिंतीवर बसून आमची करमणूक बघायची. पाचसहा गुरुवारांत त्यांना मराठीतले तेवढे दोन शब्द तोंडपाठ झाले. आमच्यातला कोणीही पळाला की भिंतीवरून गजर होई: "बॅट टाक! बॅट टाक!" आम्ही पिकअपमधून जात असलो तरी. मी एकदा दूध आणायला दुकानात चाललो होतो तरी.

हळूहळू बाकीचे शिकले. एकटा मीच शिकलो नाही. नियमाचा बाप मी, आणि बॅट सुटत नव्हती ती माझ्याच हातून.

"तुझ्या हाताला काय डिंक लागलाय?" भाई विचारी.

डिंक नव्हता. लहानपणी नागपूरला आमच्या वस्तीत बॅट नव्हती, एवढीच गोष्ट. बॅट रस्त्यापलीकडच्या पोरांची. आम्हाला खेळायला घेत ते फील्डिंगला. बॉल नाल्यात गेला की काढायला आम्ही. कधीतरी, संध्याकाळी त्यांचा उत्साह संपल्यावर, एखाद्याच्या हातात बॅट येई. ती खाली ठेवली की डाव संपला, कारण दुसरा कोणीतरी उचलून घेणार. म्हणून ठेवायची नाही. आउट झालं तरी ठेवायची नाही. भांडायचं, पण बॅट हातात धरून भांडायचं. हे सगळं मी भाईला सांगितलं नाही. "सवय आहे," म्हणालो.

"सवय मोड," भाई म्हणाला.

पहिला मोसम गेला. आम्ही सगळ्यांकडून हरलो. टायरवाल्यांशी तर आम्ही असे हरलो की मॅच संपल्यावर त्यांनी आम्हाला त्यांच्यातले चार खेळाडू देऊ केले आणि उरलेली दुपार पुन्हा खेळू या म्हणाले. त्यातही हरलो. कॅच उडाला की आमचा बेसवरचा माणूस लगेच धाव घेई. क्रिकेटमध्ये कॅच पकडायच्या आत एकमेकांना ओलांडलं तर फायदा, हे डोक्यात पक्कं. बेसबॉलमध्ये कॅच झाल्यावर बेसवर परत यावं लागतं, नाहीतर तोही बाद. एकेका कॅचवर आमचे दोन दोन जण जात. सेक्रेटरी अंपायर दर वेळी हळहळून मान हलवी. दया दाखवणाऱ्याचा मला फार राग येतो, कारण मला ती लागते.

दर शुक्रवारी संध्याकाळी बायको दारात उभी असे. "आज किती माती खाऊन आले, बाप्पा? काहून जाता तिथे? ते भाई जाते तर जाऊ द्या, त्याचा शब्द हाये. तुमचा काय हाये?"

"टीम आहे," मी म्हणे.

"टीम!" ती म्हणे, आणि वॉशिंग मशिनचं झाकण आपटे. मातीच्या रंगाच्या शर्टातली माती तिला मात्र बरोबर दिसायची.

दुसरा मोसम सरत आला. लीगचा नियम होता की दोन मोसमांत एकही न जिंकणारी टीम बाहेर. जागेसाठी एका बँकेची टीम टोप्यांसकट तयार होती. आमची एकच मॅच उरली, तीही लीगमधल्या आमच्या खालोखाल वाईट टीमशी: एका हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या टीमशी. शुक्रवारी दुपारचं मोठं जेवण वाढून, भांडी आवरून ती माणसं यायची. थकलेली, कांद्याचा वास येणारी. "हेच ते," भाई म्हणाला. "हे पण थकलेले, आपण पण वाईट. काय तरी होईल."

पैज सगळ्या बहारीनच्या मराठी माणसांना माहीत झालेली. त्यामुळे त्या दुपारी क्लब जुफैरला आला. घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी, सामोसे. क्रिकेटला इतकी तयारी नसायची. मैदानाच्या टोकाला त्यांनी बैठक मारली. मधोमध पांढरी हॅट. माझी बायकोही मुलीला घेऊन आली होती. ती म्हणाली, एकदा शेवटचं बघून घेते.

मॅचचं वर्णन करण्यासारखं काही नाही. दोन्हीकडचे सारखेच नालायक. स्वयंपाकी झोपेने चुकत होते, आम्ही जागेपणी. रायगडच्या थोरल्याने भावाकडे बॉल टाकला, चुकून. दोघेही इतके चमकले की बॉल हातातून पडला. शेवटच्या इनिंगला धावा सारख्या, बॅटिंग आमची, तीनपैकी दोन बाद. एक धाव आली की जिंकलो. सूर्य खाली गेला होता. मैदानाला दिवे नव्हते आणि लीगचा नियम होता की मगरिबची, सूर्यास्ताची, अजान झाली की मॅच संपली. बरोबरी तर बरोबरी. आणि भाईने क्लबात जे म्हटलं होतं ते "जिंकलो नाय तर" असं होतं.

बॅटिंगला पुढचा मी.

भाई जवळ आला. त्याच्या चेहऱ्यावर घाम नव्हता. चेहरा कोरडा झाला होता. "नागपूर," तो हळू म्हणाला. भाईला हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होतो. "मार किंवा नको मारू. पण मारलास तर बॅट टाक. तेवढं कर."

"टाकतो, भाई."

"शप्पत?"

"शप्पत."

मी डोळे मिटून बॅट फिरवली. हे मी शौर्याने सांगत नाही. बॉल येताना दिसला की मी डोळे मिटत असे. पण हाताला असा झटका बसला की मी उघडून बघितलं. बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून गेला, लांब टप्पा खाऊन घरंगळत क्लबाच्या बैठकीत घुसला आणि सामोशांच्या पिशव्यांमधून बर्फाच्या पेटीखाली गेला. मैदानाला कुंपण नव्हतं. बॉल जाईल तिथवर खेळ. स्वयंपाक्यांचा माणूस खुर्च्यांमध्ये वाकून शोधत होता, प्रेसिडेंटने पाय वर घेतले होते.

मी पळत होतो. पहिला बेस. रेषेबाहेर एका टोकाला थोरला भाऊ ओरडत होता, दुसऱ्या टोकाला धाकटा ओरडत होता, दोघेही एकच वाक्य एका सुरात. नंतर मला कळलं की चार वर्षांत त्यांनी केलेलं ते पहिलं एकत्र काम. "बॅट टाक!" तिसऱ्या बेसपाशी भाई उड्या मारत होता. "टाक! टाक रे!" कडेला मुलगी किंचाळत होती, "बाबा, द बॅट! ड्रॉप द बॅट!" मला सगळं ऐकू येत होतं. मी मनात म्हणतही होतो, टाकतो, टाकतो. छातीशी धरलेली बॅट घेऊन मी तिसरा बेस तुडवला आणि शेवटच्या बेसकडे, होम प्लेटकडे, वळलो. मागून बॉल येतोय हे प्लेटपाशी उभ्या त्यांच्या कॅचरच्या डोळ्यांत दिसलं.

आणि मी जन्मभर जे करत आलो ते केलं. खाली झोकून दिलं, हात लांब केला, आणि बॅटचं टोक होम प्लेटवर बरोबर मधोमध टेकवलं. काय सुंदर टेकवलं! असं माझं क्रिकेटमध्ये कधी जमलं नव्हतं. धूळ खाली बसली तेव्हा मी पालथा, गाल वाळूत, तोंडभर हसू, बॅट प्लेटवर आणि मी स्वतः बॅटच्या अलीकडे.

कॅचर, हॉटेलचा केक करणारा स्वयंपाकी, दोन पावलं पुढे आला, वाकला आणि बॉल माझ्या पाठीला अलगद लावला. "सॉरी, सर," तो म्हणाला.

अंपायरने अंगठा वर केला. आउट.

आणि तेवढ्यात मैदानाच्या टोकाकडून अख्खा क्रिकेट क्लब ओरडत उठला. "इन आहे! इन! बॅट आत आहे!" खुर्च्या उलटल्या. जी माणसं आमची फजिती बघायला सामोसे घेऊन आली होती ती वाळूतून पळत येत होती, सर्वांत पुढे पांढरी हॅट. कोणत्याही हिंदुस्थानी डोळ्याला मी आत होतो, यात शंका नव्हती. प्रेसिडेंटने आल्या आल्या स्वच्छ इंग्रजीत अंपायरशी वाद घातला, भाईने अस्वच्छ इंग्रजीत, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते दोघे एका बाजूला होते.

"बॅट तिथे आहे, तुम्हाला दिसत नाही?" प्रेसिडेंट म्हणाला.

अंपायर कमरेवर हात ठेवून खाली बघत होता. "द बॅट इज देअर," तो म्हणाला. "बट द बॅट इज नॉट हिम, सर."

"असं कसं? सगळ्या जगात—"

"थांबा," भाई म्हणाला. "आमचा नियमवाला हाय. तो सांगेल. नागपूर! सांग ह्यांना. बॅट टेकवली तर इन ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अजून पालथाच होतो. मला ट्रेसिंग पेपर दिसला, बाण दिसले, पट्टी उगारलेला मी दिसलो. ताट घेऊन फिरायला जाणारा.

"आउट आहे," मी वाळूत म्हणालो.

"काय?"

"आउट. अंग लागायला पाहिजे."

तेवढ्यात जुफैरच्या मशिदीतून अजान सुरू झाली. मॅच संपली. बरोबरी. दोन मोसमांत त्या एकाच दिवशी आम्ही हरलो नाही, आणि त्यानेच भाई बुडाला.

भाई माझ्याशेजारी उकिडवा बसला. बॅटचा दांडा त्याने धरला, ओढला, सुटेना. मग माझी बोटं एकेक करून उलगडली. "आता तरी सोड, बाबा," तो म्हणाला. त्याच्या तोंडून एखादी दापोलीची शिवी आली असती तर बरं वाटलं असतं.

प्रेसिडेंटने हॅट झटकली. भांडणाचा जोर उतरला होता, आवाज मऊ झाला होता. "अन्यायच झाला. पण शब्द म्हणजे शब्द, नाही का, भाईसाहेब? शुक्रवारी पेन्सिल टोक करून ठेवतो."

"येतो," भाई म्हणाला.

घरी आल्यावर बायकोने शर्ट धुवायलाही टाकला नाही; सरळ फाडून फरशी पुसायला घेतला. मातीच्या रंगाचा, त्यामुळे त्या कामाला फार चांगला निघाला.

पुढच्या शुक्रवारी मी भाईबरोबर क्लबात गेलो. तो एकटा जाताना मला बघवेना, असं इथे लिहिता आलं असतं. खरं कारण असं की त्या दिवशी क्लबात बिर्याणी होती.

भाईला तंबूच्या सावलीत बसवलं. टेबल, स्कोअरबुक, टोक केलेली पेन्सिल. येणारा जाणारा प्रत्येक जण म्हणे, "वा भाई, छान सावली!" तो मान हलवे आणि रेघा मारी. इतका गप्प भाई मी कधी पाहिला नव्हता. त्याच्या आवाजाशिवाय ते मैदान फार मोठं वाटत होतं. मी पॅड बांधून दिले. पाणी दिलं. माझी जागा कोणी घेतलेली नव्हती.

प्रेसिडेंट ओपनिंगला आला. बरा खेळत होता, तो कधी वाईट खेळत नसे. अवघड चेंडू त्याला कोणी टाकतच नसत. मग त्याने एक बॉल कव्हरकडे ढकलला, एक धाव सहज पूर्ण केली आणि दुसरीसाठी वळला. ती जरा ओढाताणीची होती. फील्डरने बॉल उचलला. प्रेसिडेंट हॅट सावरत, बॅट पुढे धरून जिवाच्या आकांताने पळत होता, आणि तंबूच्या सावलीतून असा आवाज आला की हिद्दपर्यंत नटबोल्ट हलले असतील:

"बॅट टाक!"

प्रेसिडेंटने बॅट टाकली.

खरंच टाकली. हातातून फेकूनच दिली. बोटं पसरून, रिकामे हात पुढे करून तो उरलेलं अंतर धावला आणि क्रीझच्या थोडा अलीकडे असताना स्टंप उडाले. बॅट हातात असती तर आरामात पोचला असता. तिचं टोक आत गेलं असतं आणि वर एक वीत शिल्लक राहिली असती.

अंपायरने बोट वर केलं. कोणी हसलं नाही; हसायची हिंमत नव्हती. मी हसलो. मग घाईघाईने पाण्याच्या बाटल्या मोजू लागलो.

प्रेसिडेंट तंबूकडे आला. बॅट मैदानातच राहिली होती. "हे काय होतं?" या वेळी आवाज मऊ नव्हता.

भाईने स्कोअरबुकात वळणदार अक्षरात रनआउट लिहिलं, खाली रेघ मारली आणि वर बघितलं. "सवय, साहेब. दोन वर्षं ताच ओरडत होतो. तोंडातून सुटला."

"तुम्ही इथून पुढे येऊ नका. खलास."

"मी तर आलो होतो," भाई म्हणाला. "शब्द पाळला. काढताय तुम्ही." त्याने पेन्सिल पुस्तकाच्या मधोमध ठेवली, पुस्तक मिटलं, खुर्ची घडी करून तंबूच्या खांबाला टेकवली. "यल्ला, नागपूर, चल."

"भाई, बिर्याणी—"

"यल्ला म्हणतो ना."

पिकअपमध्ये मी क्लबाचा तंबू दिसेनासा होईपर्यंत मागे बघत राहिलो. मग न राहवून विचारलं. "मुद्दाम ओरडलात?"

"बाहेर बघ," भाई म्हणाला. "रिफायनरीचा वारा सुटलाय. काच वर घे."

मआमीरच्या वळणावर भिंतीवर पोरं बसलेली होती. पिकअप ओळखून ती उभी राहिली आणि एका सुरात ओरडली, "बॅट टाक! बॅट टाक!" भाईने गाडी हळू केली आणि लांब हॉर्न दिला, गल्ली संपेपर्यंत.

बिर्याणी मटणाची होती, असं मला नंतर रायगडच्या धाकट्याने सांगितलं. थोरल्यानेही तेच सांगितलं. वेगळं येऊन.